कोळशाची रेघ

वकीलबाईंनी बादली माझ्या पायाशी उपडी केली आणि म्हणाल्या, "निवड."

सुनेला तांदूळ निवडायला सांगावेत, तितक्या सहज म्हणाल्या. ओट्याखालच्या फरशीवर सगळं पसरलं. कालचा भात, चहाचा चोथा, केळीची सालं, वर्तमानपत्राचे बोळे, औषधाची रिकामी बाटली, विंचरलेल्या केसांचा गुंता. आमटीचा ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला. मी पाय मागे घेतला.

"नखरे नकोत. तुझी आई करायची तसं कर. ओलं हिरव्या बादलीत, सुकं काळ्या बादलीत."

मी उकिडवी बसले आणि हात घातला. चोथ्यात काहीतरी चकाकलं. दाढीचं पातं, मधोमध मोडलेलं.

"बाई, ह्यात पातं हाय."

"मग जपून निवड."

त्या ओट्यावर उभ्या, मी खाली. निवडून झालं. हात धुवायला पाणी मागायचं नाही, हे आईनं आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मागितलं नाही. बाई आत जाऊन कागदावर दोन पोळ्या घेऊन आल्या. वाळून कडा वळलेल्या. कागद खालच्या पायरीवर ठेवून त्या मागे सरल्या.

"घे. तुझी आई न्यायची नाही, मोठी मानाची. तू तरी शहाणी हो."

मी म्हटलं, "आमी शिळं-उष्टं घेत नाय."

बाई हसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या मनापासून हसल्या, शेजारच्या ओट्यावरच्या बाईकडे बघून हसल्या, आणि मला म्हणाल्या, "उष्टं खायला चालत नाही, आणि चिवडायला चालतं होय गं तुम्हाला?"

दोन्ही हात कोपरापर्यंत बरबटलेले, नखांत चोथा. शेजारच्या बाईही हसल्या. मी बादल्या उचलून गाड्यात रित्या केल्या आणि पुढच्या ओट्याखाली जाऊन बसले. तिथंही तेच होतं.

आमच्या घरात उष्टं सोडल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जायची. छप्पन सालानंतर आमच्या वाड्यानं धम्म घेतला, तेव्हा माझ्या आज्यानं उष्टं मागायची टोपली आणून सगळ्यांदेखत जाळली. तेव्हापासून उपास पडले, पण कुणाच्या ताटातलं घरात आलं नाही. आई नवी नवरी होती तेव्हा. टोपली जळताना ताडताड आवाज कसा होत होता, ते ती अजून सांगायची. तिच्या आयुष्यात अभिमान धरावा असं जे थोडं होतं, त्यातली ती गोष्ट पहिली. आणि वकीलबाईंनी ती एका वाक्यात चुलीत घातली.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या अब्रूनुकसानीची नोटीस येईल, वकीलबाईंच्या आळीत वकिलांना तोटा नाही. घाटाच्या पायथ्याचं, कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यातलं एक गाव समजा. आम्ही नदीच्या अंगाच्या बौद्धवाड्यात राहायचो. बाप खोपोलीच्या एका कारखान्यात हमाली करायचा, मी लहान असतानाच छातीच्या आजारानं गेला. आई नगरपालिकेत झाडूवाली. तीही कायम नाही. आज आहे, उद्या मुकादमाची मर्जी फिरली की नाही. कायम होणं हेच तिचं एक स्वप्न होतं. देवधर्म सोडला होता तिनं, नाहीतर त्याच्यासाठी नवस बोलली असती.

नदीकाठी नगरपालिकेचे खतखड्डे होते. गावचा कचरा तिथं कुजायचा आणि त्याचं खत चौक-लोधिवलीकडचे शेतकरी लिलावात घ्यायचे, बैलगाड्या भरून न्यायचे. मग खतात काचा निघायला लागल्या. कुणाच्या बैलाचा खूर चिरला, कुणाच्या बायकोचा पाय कापला. शेतकऱ्यांनी लिलावाला यायचं सोडलं. नगरपालिकेला पाय कापल्याचं दुःख नव्हतं, लिलाव पडल्याचं होतं.

त्याच सुमाराला नवे मुख्याधिकारी आले. तरुण, शहरात शिकलेले, हौशी. माणूस लाभाशिवाय हलत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. दंड करून काही होणार नाही म्हणाले, फायदा दाखवा. घरटी दोन बादल्या दिल्या, ओल्याला हिरवी, सुक्याला काळी. जे घर कचरा वेगळा देईल त्याला घरपट्टीत सूट, आणि वर्ष संपल्यावर दारावर पितळी पाटी, 'आदर्श घर'. आणि वेगळा दिला की नाही हे ठरवणार झाडूवाली. तिच्याकडे खडू आणि कोळसा. वेगळा असेल तर दाराच्या चौकटीवर पांढरी रेघ, मिसळलेला असेल तर काळी. आठवड्यानं मुकादम येऊन रेघा बघणार. ज्या वॉर्डात पांढऱ्या रेघा जास्त, त्या वॉर्डाची झाडूवाली वर्षअखेर कायम.

ऐकायला किती गोड! सगळ्यांना फायदा. साहेबांनी लोकांच्या लोभाचा विचार केला, आमच्या गरजेचा केला, शेतकऱ्याच्या बैलाचासुद्धा केला. फक्त चौकट कुणाच्या दाराची आणि तिला हात कुणाचा लागणार, एवढाच विचार राहिला. साहेबांना वाटलं असेल, चौकट म्हणजे लाकूड.

आई नगरपालिकेच्या सभेहून आली ती खडू घट्ट मुठीत धरून. तिला अक्षरओळख नव्हती. खडू आयुष्यात पहिल्यांदा हातात आला होता. संध्याकाळी तिनं आमच्या कुडाच्या भिंतीवर रेघ मारून बघितली. वाकडी आली. पुन्हा मारली, पुन्हा वाकडी. मग मी तिचा हात धरला आणि दोघींनी मिळून सरळ रेघ मारली. ती लांब जाऊन बघत राहिली.

"बग गं बाय," ती म्हणाली, "आता वकिलाच्या घराला मी पास-नापास करनार."

खूप हसलो त्या दिवशी. तिला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

सकाळी ती धुतलेलं लुगडं नेसून गेली. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही, तिच्याबरोबर गाडा ओढणाऱ्या मावशीनं सांगितलं. वकिलाच्या दारात आईनं बादल्या बघितल्या, खडू काढला आणि दोन पायऱ्या चढून हात वर केला. आतून किंकाळी आली. "हात! हात लावू नकोस चौकटीला!" विस्तवाला लागल्यासारखा आईनं हात मागे घेतला. बाई म्हणाल्या, "तो खडू ठेव खाली पायरीवर आणि लांब हो." मग त्यांनी खडूवर पाणी शिंपडलं, उचलला आणि स्वतः रेघ मारायला गेल्या. भिजलेला खडू उमटेना. तेव्हा मुलाच्या दप्तरातला कोरडा खडू आणून त्यांनी आपल्या दारावर आपल्या हातानं पांढरी रेघ मारली. बादलीत भात आणि काच एकत्र होती. तिकडे कुणी बघितलंच नाही.

आठवड्याच्या आत आळीत घरोघरी खडू झाला. ज्याची परीक्षा, त्याच्याच हातात मार्क. आईनं मुकादमाला सांगितलं. मुकादम जवळच्याच गावचा, शेतकऱ्याघरचा, वाईट नव्हता म्हणतात. तो म्हणाला, "रेघ पांढरी हाय ना? मग झालं की. कुनी मारली त्ये कशाला इचारतीस? तुझाच वॉर्ड पुढं जातोय."

ते खरं होतं, आणि तीच गोम होती. रेघा पांढऱ्या झाल्या की वकिलाला सूट, साहेबांना शाबासकी, मुकादमाला शांतता, आईला कायम नोकरी. खोटं बोलण्यात सगळ्यांचा फायदा. फक्त कचरा खोटं बोलेना. तो खड्ड्यावर जायचा तो मिसळलेलाच. खतात काच निघाली तर लिलाव पडणार आणि योजना बोंबलणार. मग मुकादमानं झाडूवाल्यांना सांगितलं, दारातच निवडून घ्या.

म्हणजे सूट त्यांना, पाटी त्यांना, आणि निवडणारे हात आमचे. लोक तर आधी थोडंफार वेगळं टाकत होते, तेही त्यांनी बंद केलं. निवडायला माणूस असताना आपण कशाला निवडा? बादली उपडी करायची आणि म्हणायचं, निवड.

आई निवडत राहिली. तिच्या वॉर्डात सगळ्यात जास्त पांढऱ्या रेघा. ती घरी येऊन सांगायची, "एक वरीस गं बाय. एक वरीस काढते. मग कायम."

दिवाळीच्या फराळाचे कागद आणि फटाक्यांचा कचरा निवडताना तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात पातं घुसलं. तिनं हळद भरून चिंधी बांधली आणि दुसऱ्या दिवशी तोच हात पुन्हा बादलीत घातला. बोट सुजलं, काळं पडलं. कर्जतच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी बोट काढलं. पातं कुणाच्या घरचं, हे कोर्टात शाबीत होणार नाही, आणि ज्या घरावर मला संशय आहे ते घरच वकिलाचं.

मुकादम दवाखान्यात आला नाही. घरी आला. "बदलीला कुनी हाय का? नायतर वॉर्ड दुसरीला देतो, काय इलाज नाय." आई कण्हत अंथरुणावर उठून बसली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मी दहावीला होते. सकाळची शाळा. मी दप्तर खुंटीला अडकवलं. दुसऱ्या दिवशी मी झाडू घेतला आणि वकिलाच्या दारात जाऊन बसले. पुढं काय झालं ते सुरुवातीलाच सांगितलं.

त्या दिवशी घरी येऊन मी हात घासले. राखेनं घासले, दगडानं घासले. आईला पोळ्यांची गोष्ट सांगितली, बाईचा प्रश्नही सांगितला. मला वाटलं, ती चिडेल. ती नुसती म्हणाली, "त्यांना बोलाय काय जातं? तू कान बंद ठेव. मार्च येऊ दे." मला तिचा राग आला. जिनं टोपली जळताना पाहिली, ती अशी बोलते? मग तिच्या हाताचं बोचकं दिसलं आणि रागाला जागाच उरली नाही. कुणावर काढायचा?

थंडी सरली. मी निवडत होते. आळीतल्या घरांची सगळी आतली गोष्ट मला माहीत झाली. कुणाकडे चतुर्थीच्या दिवशी अंड्याची टरफलं निघतात, कुणाचा नवरा बाटली घेतो, कोण सासूच्या ताटात शिळं वाढतं. सगळी सोवळी घरं माझ्या नखांत होती. पण ते बोलायची सोय नव्हती. बाई दारात आली की मी मान खाली घालायचे, आणि माझ्या डोक्यावर खडूचा कर्र आवाज व्हायचा.

मार्चमध्ये होळी होऊन गेली आणि गडबड उडाली. योजना बघायला जिल्ह्याचे साहेब येणार होते. वकिलाच्या दारावर पहिली पितळी पाटी त्यांच्या हस्ते लागणार. मुकादमानं बजावलं, त्या दिवशी जीप यायच्या आत निवडून मोकळे व्हा, साहेबांसमोर कुणी चिवडत बसायचं नाही.

आदल्या दिवशी आई आळीत आली. जखम पुरती भरली नव्हती, हात अजून फडक्यात गुंडाळलेला. कायम व्हायची वेळ जवळ आली म्हणून आपला वॉर्ड बघायला आली होती, आपलं तोंड दाखवायला आली होती. वकीलबाई ओट्यावरून म्हणाल्या, "बरं झालं आलीस. पोरीचा हात तुझ्यासारखा बसत नाही गं. उद्या साहेब यायचेत. आज तूच निवड."

मी म्हटलं, "आये, नको."

आई बसली. डावा हात बादलीत घातला. एका हातानं जमेना, मग उजवा टेकला. फडकं चहाच्या चोथ्यात बुडालं, काळं-तांबडं झालं. ती ओठ दाबून निवडत होती. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात लांब केला आणि चौकटीवर पांढरी रेघ मारली. खडूची भुकटी आईच्या केसांवर पडली. आईनं मान वर करून रेघ बघितली.

"सरळ आली," ती म्हणाली. आणि हसली.

तिथं माझं काहीतरी तुटलं. बाईनं नाही तोडलं, आईच्या त्या हसण्यानं तोडलं. भिंतीवर मी हात धरून शिकवलेली रेघ मला आठवली. पास-नापास करणारी माझी आई, आणि तिला आता दुसऱ्याच्या खोट्या रेघेचं कौतुक वाटतंय. लाभ दाखवून दाखवून त्यांनी तिला इथवर आणलं होतं.

घरी आल्यावर आईच्या चंचीत हात घातला. सुपारीच्या खाली नगरपालिकेनं दिलेला कोळशाचा तुकडा होता. वर्ष होत आलं तरी एक रेघही न मारलेला, कडा तशाच्या तशा.

सकाळी मी वेळेवर गेले. गाडा लावला. वकिलाच्या ओट्याखाली हिरव्या बादलीत भात, काच, कागद, सगळं एकत्र. काळी बादली नुसतीच धुऊन ठेवलेली. मी बादलीला हात लावला नाही. पायऱ्या चढले. पहिल्यांदाच चढले. तोरण डोक्याला लागलं. डावा पंजा चौकटीवर टेकवला आणि उजव्या हातानं कालच्या पांढऱ्या रेघेशेजारी कोळशाची रेघ ओढली. वरून खाली, दाबून. रेघ सरळ आली. मग पुढचं घर. बादलीत बघायचं, मिसळलेला असला की चौकटीवर काळी रेघ. आळीच्या टोकाजवळ एका मास्तरांचं घर होतं, त्यांची बायको खरंच वेगळा द्यायची. तिच्या दारावर मी तिथल्याच खडूनं पांढरी मारली. नियम म्हणजे नियम.

शेवटच्या घरापर्यंत पोचले नाही तोच मागे बोंब उठली.

"हात लावला! चौकटीला हात लावला तिनं!"

रेघ खोटी आहे, असं एकही माणूस म्हणाला नाही. कुणी बादलीत डोकावलं नाही. वर्षभर पांढरं खोटं दारावर होतं त्याचा कुणाला विटाळ नव्हता. खरं लिहिलं, त्याचा विटाळ.

तेवढ्यात जीप आली. जिल्ह्याचे साहेब, आमचे साहेब, मागे मुकादम हातात पितळी पाटी, खिळे आणि हातोडी घेऊन. मोठ्या साहेबांनी चौकटीकडे बघितलं. "ही काळी रेघ कसली?" आमच्या साहेबांना सगळं माहीत होतं, रेघ त्यांचीच कल्पना. ते म्हणाले, "पोरासोरांनी ओढली असेल, सर." मोठ्या साहेबांनी नाकाला रुमाल लावला. भरलेली बादली त्यांच्या बुटांपासून हातभरावर होती.

मी पुढे होऊन म्हटलं, "मी वडली साहेब. बादलीत बगा."

मुकादमानं दंड धरून मला मागे ओढलं आणि दात-ओठ खात म्हणाला, "पूस ती."

"नाय पुसनार."

"पूस म्हनतो ना!"

"खोटी असंल तर त्यांनी पुसावी."

बाई दारातून म्हणाल्या, "मी नाही त्याला हात लावणार. तिनं बाटवलंय, तिनंच पुसायचं."

कुणीतरी वाड्यावर पळालं होतं. आई धापा टाकत आली. तिनं चौकट बघितली, साहेब बघितले, मला बघितलं. मुकादम तिला म्हणाला, "चार दिसावर आलंय गं तुझं कायम. पोरीनं वाट लावली. पुसून घे पटकन." आईनं पदर ओला केला आणि पायऱ्या चढली. दुखरा हात चौकटीला टेकवून ती घासायला लागली. फडकं सुटलं, बोटाचं थोटूक उघडं पडलं. सगळे बघत होते.

मी ओरडले, "बाई, आता लागतोय की तिचा हात! चौकटीला लागतोय!"

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "पुसताना चालतो. मी मागाहून गोमूत्र शिंपडीन."

म्हणजे लिहायला विटाळ, पुसायला नाही. इतका स्पष्ट धडा मला शाळेत कुणी दिला नव्हता.

पांढरी रेघ पुसली गेली. काळी पुसली गेली नाही. पदरानं ती फासली, लाकडाच्या रेषांत शिरली, हाताएवढा डाग झाला. आई घासत होती आणि रडत होती. मग मोठे साहेब घड्याळ बघायला लागले, तसं मुकादमानं तिला बाजूला सारलं आणि पितळी पाटी त्या डागावरच ठोकली. पहिला खिळा साहेबांच्या हस्ते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वकीलबाईंनी साहेबांना पेढा दिला.

घरात शिरताच आईनं मला झाडूच्या दांड्यानं मारलं. डाव्या हातानं मारलं. मारून दमली तेव्हा म्हणाली, "माझं बोट गेलं त्ये गेलं. तू तोंडातला घास बी काडलास." मी मार खाल्ला. तिच्यावर हात उगारणं किंवा तिला समजावणं, दोन्ही मला शक्य नव्हतं.

गंमत अशी की वॉर्ड तिचाच पहिला आला. त्या दिवशीच्या काळ्या रेघा मुकादमानं पांढऱ्या धरल्या. साहेबांना योजना यशस्वी दाखवायची होती. आईला कचेरीत बोलावलं. ती पुन्हा धुतलेलं लुगडं नेसली. मी बरोबर गेले.

साहेबांनी तिचा हात बघितला, मग मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणाला, "साहेब, बोट नाय हिला. झाडू कसा धरंल? डाक्टरचा दाखला मिळायचा नाय."

आई म्हणाली, "धरते साहेब. रोज धरते घरी." आणि तिनं टेबलावरचा रूळ उचलून मुठीत धरून दाखवला. रूळ खाली पडला.

साहेब वाईट माणूस नव्हते. असं मी अजूनही म्हणते, आणि मला त्याचीच जास्त चीड येते. ते म्हणाले, "हरकत नाही. शब्द दिलाय तो पाळू. मुलीला घ्या. हिचे हात धड आहेत."

आईचा चेहरा उजळला. ती माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकलायला लागली. तिच्या त्या हाताला उरलेली बोटं मला पाठीवर कळत होती. एक वर्ष, एक बोट, एक शाळा, आणि त्याच्या बदल्यात हे. घ्यायचं म्हटलं तर हात पुढे करायचा फक्त. भूक मला माहीत होती. भूक काही गोष्टीतली नव्हती, चुलीवर रोज दिसायची.

मी म्हटलं, "येते कामाला. पन रेघ मी मारनार साहेब. बादलीत बगून मारनार. चौकटीला हात लावून. कबूल हाय?"

मुकादम हसला. "लई शानी झाली ही."

साहेबांनी मला समजावलं. "हे बघ, तू आपल्या फायद्याचा विचार कर. रेघेचं काय घेऊन बसलीस?"

"साहेब, फायदा तुमी सगळ्यांना दावलात. तुमच्याच योजनेत रेघ मी मारायची लिवलीय. त्येवढं एकच मागते."

मग त्यांनी कागद पुढे ओढला आणि मुकादमाला म्हणाले, "पुढची कोण आहे?"

आई कचेरीच्या पायरीवर बसली ती उठेना. मी तिला उठवलं. आम्ही दहिवलीच्या पलीकडे वीटभट्टीवर गेलो. झाडू धरायला जो हात नापास झाला, तो डोक्यावर विटा वाहायला पास झाला, तिथं कुणी दाखला मागितला नाही. आई मरेपर्यंत तिनं मला त्या दिवसाबद्दल माफ केलं नाही. शेवटच्या आजारातसुद्धा शेजारणीला सांगत होती, "कायम झाली असती पोरगी." मी ऐकत होते. मी बरोबर होते हे तिच्या तोंडून मला कधी मिळालं नाही, आणि आता मिळायचंही नाही.

योजना दोन-तीन वर्षांत बुडाली. खतात पुन्हा काचा निघाल्या. साहेब बदलून वर गेले. पाटी मात्र राहिली. इतक्या वर्षांनी परवा त्या आळीतून गेले तेव्हा बघितली. पितळ हिरवं पडलंय, 'आदर्श' दिसतं, 'घर' झिजलंय. पाटीच्या खालच्या कडेला लाकडावर काळा डाग डोकावतो. वकीलबाई म्हाताऱ्या झाल्यात, ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही. ओट्याखाली एक पोरगी उकिडवी बसून कचरा निवडत होती.

बाई, तुमच्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिलं नव्हतं. आज देते. उष्टं खायला चालत नाही आणि चिवडायलाही चालत नाही. माझ्या आज्यानं टोपली जाळली ती अर्धीच जळाली होती, उरलेली मी जाळते.

परवाच त्या पोरीच्या हातातला कचरा मी काढून घेतला, तिला उठवलं आणि पायऱ्या चढले. पर्समध्ये कोळसा असतो माझ्या. तेव्हापासून असतो. पंजा चौकटीवर टेकवला, पाटीच्या शेजारी. बाईंचा आवाज तोच, "हात! हात लावू नकोस!"

रेघ ओढली. त्या पोरीला सांगितलं, पुसायला तुला बोलावतील. जाऊ नकोस.